लाईट गेली की एमडी० चं एमडी१२७ होतं: एमडीएडीएमची सेटिंग रीबूटनंतर टिकत नसेल तर

लाईट जाते, जनरेटर लागेपर्यंत यूपीएस दम सोडतो, सर्व्हर बंद पडतो. लाईट आल्यावर सर्व्हर चालू होतो, पण डिझाइन मास्तरांच्या कॉम्प्युटरवर जेकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) फायलींचा फोल्डर रिकामा दिसतो. मग जाणत्या माणसाला फोन जातो, "अण्णा, डेटा परत गेला की हो!" तो माणूस टर्मिनल उघडून दोन आज्ञा देतो, फोल्डर भरलेला दिसतो, माग सुरू होतात. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटांत हा प्रकार मी वेगवेगळ्या मशीनवर पाहिला आहे, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी मूळ एकच निघालं. दुरुस्ती बरोबर होती, पण ती चुकीच्या जागी केलेली होती.

हे लिखाण ज्यांच्याकडे लिनक्सच्या मशीनमध्ये दोन किंवा जास्त हार्डडिस्क एमडीएडीएम या साधनानं एकत्र जोडलेल्या आहेत, म्हणजे ज्याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात, त्यांच्यासाठी आहे. उदाहरण दोन डिस्कच्या रेड १ चं घेतो, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, कारण लहान कारखान्यात तेच जास्त असतं. आज्ञा उबुंटू आणि डेबियनच्या आहेत. इथं त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करायच्या, रेघा आणि चिन्हं मात्र जशीच्या तशी ठेवायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट कळकळीनं सांगतो. डेटा दिसत नाही म्हणून कुणी "रेड परत बनवा" असं सुचवलं, तर एमडीएडीएमची --क्रिएट ही आज्ञा देऊ नका. ती जुना संच, म्हणजे आधीचा डिस्कचा गट, जोडत नाही, त्याच डिस्कवर नवा संच लिहिते. एमडीएडीएमच्या नव्या आवृत्तीत डेटा सुरू होण्याची जागा जुन्यापेक्षा वेगळी धरली गेली, तर फाइल सिस्टिमची सुरुवातच सापडत नाही. जुना संच जोडण्यासाठी --असेंबल आहे. --झीरो-सुपरब्लॉक या आज्ञेलाही हात लावू नका, ती डिस्कवरची ओळखच पुसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण एखाद्या कारखान्याचं स्वतःचं नक्षीकाम त्याच्या या फायलींतच असतं. जुन्या गिऱ्हाइकानं चार वर्षांनी तीच किनार मागितली, तर तीच फाइल लागते.

आधी काय दिसतंय ते नीट बघा

पहिली आज्ञा निव्वळ बघण्याची, काही बदलत नाही:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

इथं साधारण तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: संच ॲक्टिव्ह आहे, दोन्ही डिस्क आहेत, शेवटी चौकटी कंसात दोन यू आहेत, फक्त संचाचं नाव आपण दिलेल्या एमडी० च्या ऐवजी एमडी१२७ आहे. शेजारी ऑटो-रीड-ओन्ली असंही लिहिलेलं असू शकतं. ते पाहून लोक घाबरतात. पण त्याचा अर्थ एवढाच की संच जोडला गेलाय आणि त्यावर अजून काही लिहिलं गेलेलं नाही. माउंट करून, म्हणजे संच फोल्डरला जोडून, पहिली फाइल लिहिली की तो शब्द आपोआप जातो.

दुसरं: संच इनॲक्टिव्ह आहे आणि डिस्कच्या नावापुढे कंसात एस हे अक्षर आहे. एस म्हणजे स्पेअर हे बरोबर, पण इनॲक्टिव्ह संचात सगळ्याच डिस्कना एस लागतो. डिस्क खरोखर स्पेअर झाली असं त्यावरून ठरवू नका. बूट होताना एक डिस्क उशिरा सापडली, किंवा सापडलीच नाही, की बहुधा हे चित्र येतं.

तिसरं: संच ॲक्टिव्ह आहे, पण दोन यूंपैकी एकाच्या जागी खालची रेघ आहे. म्हणजे एकच डिस्क काम करतेय. याबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय, कारण तिथं घाई केली तर नुकसान होतं.

पहिलं चित्र असेल तर डेटा सुरक्षित आहे. फोल्डर रिकामा दिसतो, कारण माउंट करणारी ओळ (ती /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये असते) एमडी० शोधतेय आणि एमडी० नावाचं काही मशीनवर नाही.

सेटिंग चार ठिकाणी असते

बहुतेक लोक एमडीएडीएमची आज्ञा देतात, काम झालेलं दिसतं, आणि ते "सेव्ह" झालं असं धरून चालतात. ते तसं नसतं. या संचाबद्दलची माहिती एकाच वेळी चार ठिकाणी असते, आणि प्रत्येक जागेचं आयुष्य वेगळं असतं.

पहिली जागा चालू कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. एमडीस्टॅटमध्ये जे दिसतं ते इथलं. तुम्ही संच थांबवून एमडी० या नावानं पुन्हा जोडला, तर बदल इथं होतो, आणि मशीन बंद झालं की तो संपतो. फोनवर सांगून केलेली "दोन आज्ञांची" दुरुस्ती नेहमी याच जागेतली असते.

दुसरी जागा प्रत्येक डिस्कवरचा सुपरब्लॉक. हल्लीच्या मेटाडेटात, म्हणजे १.२ मध्ये, तो डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर असतो. ताग्याच्या काठावर कारखान्याची खूण असते तसा तो प्रत्येक डिस्कवर असतो: हा संच कुठला, त्यात ही डिस्क कितवी, शेवटचा बदल कधीचा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ही खूण सोबत जाते. एमडीएडीएमची खरी ताकद इथं आहे. निल ब्राऊन यांनी हे साधन लिहिलं, त्याआधी रेडटूल्स वापरायचे, आणि त्याला रेडटॅब नावाची फाइल लागायची. एमडीएडीएम कॉन्फिग फाइल नसतानाही नुसत्या सुपरब्लॉकवरून संच ओळखून जोडू शकतं. म्हणूनच लाईट आल्यावर संच जोडलेला दिसतो, फक्त नाव भलतंच असतं.

तिसरी जागा कॉन्फिग फाइल: /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ. रेड हॅट आणि फेडोराच्या घराण्यात ती मधल्या फोल्डरशिवाय थेट ईटीसीत असते. या संचाला अमुक नावानं हाक मारा, हे इथं लिहिलेलं असतं.

चौथी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: इनिटरॅमएफएस. मशीन चालू होताना कर्नलसोबत बूटमधून जी छोटी फाइल सिस्टिम उघडते ती. संच जोडण्याचं काम बहुतेक वेळा तिथेच उरकतं, मुख्य डिस्क माउंट होण्याच्याही आधी. तिच्या पोटात एमडीएडीएम.कॉन्फची एक प्रत असते, आणि ती प्रत ज्या दिवशी बनवली त्या दिवशीची असते. ईटीसीतली फाइल तुम्ही आज कितीही बरोबर लिहिली, तरी बूट होताना वाचली जाते ती आतली जुनी प्रत.

आता १२७ कुठून येतं ते बघा. सुपरब्लॉकमध्ये संचाचं नाव "होस्ट, कोलन, नाव" अशा रूपात असतं, होस्ट म्हणजे मशीनचं नाव. संच बनवताना मशीनचं नाव उबुंटू असेल आणि नंतर कुणी ते बदलून डिझाइन-सर्व्हर केलं असेल, तर एमडीएडीएमला वाटतं की ही डिस्क परक्या मशीनची आहे. परक्या संचाला ते त्याचं मागितलेलं नाव देत नाही. समजा स्वतःच्या मशीनचाही एमडी० असेल, तर दोघांची टक्कर होईल. म्हणून मोकळा नंबर देतं, आणि मोकळे नंबर १२७ पासून खाली मोजले जातात. दुसरा संच असेल तर तो १२६ होतो. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून संच बनवला असेल तर हे हमखास घडतं, कारण तेव्हाचं होस्टचं नाव त्या पेन ड्राइव्हचं असतं. नाव बदललेलं नसलं तरी इनिटरॅमएफएसच्या टप्प्यावर मशीनला स्वतःचं नाव अजून कळलेलं नसू शकतं, आणि मग घरचाच संच परका ठरतो.

या सगळ्यावर तोडगा एकच: कॉन्फिग फाइलमध्ये ॲरे ओळ हवी, त्यात त्या संचाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) हवा, आणि तीच ओळ इनिटरॅमएफएसच्या प्रतीतही हवी. यूयूआयडी जुळला की होस्टचं नाव काहीही असो, संच तुम्ही दिलेल्या नावानं येतो.

कॉन्फिग फाइल नीट लिहिणं

संच ॲक्टिव्ह आणि पूर्ण असताना ही आज्ञा द्या (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं चालवा):

सुडो एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन

एक ओळ येते: ॲरे, मग डिव्हाइसचं नाव, मेटाडेटा, नेम आणि यूयूआयडी. ती तशीच फाइलमध्ये ओतू नका, आधी वाचा. ओळीची सुरुवात इनॲक्टिव्ह-ॲरे अशी असेल, तर संच अजून चालूच झालेला नाही. आधी तो चालू करा. ओळीत स्पेअर्स=१ असेल, तर बहुधा तुम्ही रीबिल्ड, म्हणजे डिस्क पुन्हा भरणं, चालू असताना आज्ञा दिली आहे. तो शब्द फाइलमध्ये राहिला तर पुढे स्पेअर नसल्याची तक्रार येत राहते. तो काढून टाका. आणि डिव्हाइसच्या जागी एमडी१२७ असेल, तर ते हातानं बदलून /डेव्ह/एमडी० करा. चालू कर्नलमध्ये नाव १२७ असताना स्कॅन केलं, तर फाइलमध्ये १२७ च जातं आणि आपण स्वतःच ते कायमचं करून ठेवतो.

फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ

इथं मला जवळपास प्रत्येक वेळी एकच दृश्य दिसतं: खाली एकाच संचाच्या तीन-चार ॲरे ओळी. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी दोन मोठं-चं चिन्ह लावून आणखी एक ओळ जोडलेली असते. एकात एमडी०, एकात एमडी१२७, एकात संच पूर्वी पुसून पुन्हा बनवल्यामुळे वेगळाच यूयूआयडी. हे सगळं साफ करा. एका संचाला एक ओळ, आणि त्या ओळीत एवढंच ठेवा:

ॲरे /डेव्ह/एमडी० मेटाडेटा=१.२ यूयूआयडी=तुमचा आकडा

नेम हा भाग मी मुद्दाम गाळतो. तो ठेवला तर यूयूआयडीबरोबर नावही जुळावं लागतं, आणि सुपरब्लॉकमधलं नाव पुढे कुणी बदललं की तिथंच अडतं. ओळीत डिव्हाइसेस= लिहून एसडीबी, एसडीसी अशी डिस्कची नावं तर अजिबात घालू नका. ती नावं बूटच्या वेळी डिस्क ज्या क्रमानं सापडल्या त्यावर ठरतात. मध्ये एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला की क्रम बदलतो.

ज्यांना नॅनो न उघडता ओळ जोडायची आहे त्यांच्यासाठी एक इशारा. सुडो लावून आज्ञा दिली आणि पुढे दोन मोठं-चं चिन्ह लावलं, तर परमिशन डिनाइड येतं, कारण फाइल उघडण्याचं काम सुडो करत नाही, तुमचं साधं शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) करतं. त्यासाठी आज्ञेपुढे उभी रेघ लावून सुडो टी -ए वापरतात. त्यातला -ए विसरला तर टी आधीची सगळी फाइल पुसून टाकतो. म्हणून मी तरी फाइल हातानं उघडूनच बदलतो.

यूयूआयडी तीन असतात, घोळ इथंच होतो

एका दुरुस्त करूनही न सुधारलेल्या मशीनवर कॉन्फिग फाइल बरोबर होती, इनिटरॅमएफएस नवा होता, तरी माउंट होत नव्हतं. एफएसटॅबमध्ये संचाचा यूयूआयडी लिहिलेला होता. तिथं लागतो फाइल सिस्टिमचा.

फरक डोळ्यानं ओळखता येतो. संचाचा यूयूआयडी एमडीएडीएम दाखवतं तेव्हा आठ-आठ अक्षरांचे चार गट असतात, मध्ये कोलन. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी पाच गटांचा असतो, आठ, चार, चार, चार आणि बारा, मध्ये आडवी रेघ. इथवर सोपं आहे. गोंधळ बीएलकेआयडी या आज्ञेत होतो:

सुडो बीएलकेआयडी

ती एसडीबी१ आणि एसडीसी१ पुढेही यूयूआयडी दाखवते, आणि तोही आडव्या रेघांच्या पाच गटांत. पण तो संचाचाच यूयूआयडी असतो, फक्त वेगळ्या मांडणीत छापलेला. म्हणूनच दोन्ही डिस्कपुढे तो अगदी सारखा दिसतो. शेजारी टाइप लिनक्स_रेड_मेंबर असं लिहिलेलं असतं, ती खूण. त्याच ओळीत यूयूआयडी_सब असतो, तो त्या एका डिस्कचा स्वतःचा. एफएसटॅबला या दोन्हींपैकी काहीच नको. त्याला एमडी० किंवा एमडी१२७ च्या ओळीतला, ज्यापुढे टाइप एक्सटी४ किंवा एक्सएफएस आहे, तो हवा.

आणि खरं सांगायचं तर एफएसटॅबमध्ये हा यूयूआयडी बरोबर असेल, तर संचाचं नाव एमडी० आलं की एमडी१२७, यानं फरक पडत नाही. १२७ हा स्वतः काही बिघाड नाही. लोक नाव सुधारण्यात संध्याकाळ घालवतात आणि एफएसटॅबमध्ये /डेव्ह/एमडी० तसंच ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी एफएसटॅब यूयूआयडीवर आणा, मग नावाकडे बघा. नाव सरळ करण्याचा फायदा वेगळा आहे: रात्री फोनवर दुसऱ्याला आज्ञा सांगताना तो बावचळत नाही.

इनिटरॅमएफएस, म्हणजे विसरलेली प्रत

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

यातला -के ऑल महत्त्वाचा. तो नसेल तर फक्त सगळ्यात नव्या कर्नलची प्रत बदलते. मशीन कधी जुन्या कर्नलवर बूट झालं की जुनी सेटिंग परत येते, आणि "गेल्या महिन्यात तर ठीक होतं" असं वाटतं.

आज्ञा चालताना येणाऱ्या ओळी वाचा. एमडीएडीएम.कॉन्फमध्ये एकही ॲरे नाही असा इशारा आला, तर तुमची ओळ भलत्याच फाइलमध्ये गेली आहे किंवा तिच्यापुढे टिप्पणीचं चिन्ह राहिलंय. डिस्कवर जागा नाही असं आलं, तर बूट पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलंय. अशा वेळी नवी प्रत लिहिली जात नाही, जुनीच राहते. सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह करून जुने कर्नल काढा आणि आज्ञा पुन्हा द्या.

प्रत खरंच बदलली का, याची खात्री रीबूट न करता होते. अनएमकेइनिटरॅमएफएस या आज्ञेला बूटमधल्या चालू इनिटआरडी फाइलचं नाव आणि एका रिकाम्या फोल्डरचं नाव द्या. आतलं सगळं त्या फोल्डरमध्ये उघडतं. तिथली एमडीएडीएम.कॉन्फ शोधून वाचा. तुमची ओळ त्यात दिसली, तर काम झालं. रेड हॅटच्या घराण्यात याच कामासाठी सुडो ड्रॅकट -एफ आहे.

एफएसटॅब, आणि रिकाम्या फोल्डरचा खरा धोका

ओळ अशी:

यूयूआयडी=फाइल सिस्टिमचा /एसआरव्ही/डिझाइन एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

नोफेल नसेल तर संच न सापडल्यावर सिस्टिमडी (मशीन सुरू करणारी व्यवस्था) ९० सेकंद वाट बघतं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. ज्या कारखान्यात सर्व्हरला मॉनिटरच जोडलेला नाही तिथं ते अडचणीचं आहे. म्हणून बहुतेक लोक नोफेल घालतात, मीही घालतो. पण नोफेलसोबत एक धोका येतो, आणि मला यात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

संच माउंट झाला नाही, तरी /एसआरव्ही/डिझाइन हा फोल्डर मुख्य डिस्कवर असतोच, रिकामा. सांबा (नेटवर्कवर फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर) तोच रिकामा फोल्डर ऑफिसला दाखवतं. डिझाइन मास्तरांना जुनं काही दिसत नाही, पण आज आलेल्या ऑर्डरची नवी डिझाइन ते तिथं सेव्ह करतात, आणि ती सेव्ह होते. दुपारी कुणीतरी येऊन संच माउंट करतो. जुनं सगळं परत दिसतं, आणि सकाळचं काम गायब होतं. ते मुख्य डिस्कवर, माउंटच्या खाली दबलेलं असतं. असं अनेकदा झालं की मुख्य डिस्क भरत जाते, आणि कशानं भरली ते कुणालाच सापडत नाही.

दबलेल्या फायली काढण्यासाठी माउंट सोडवायची गरज नाही:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/तळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ

आता /एमएनटी/तळ/एसआरव्ही/डिझाइन उघडा. खालचा खरा फोल्डर दिसेल. त्यातल्या फायली आधी वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या, तारखा बघा, मगच संचात हलवा, कारण त्याच नावाची जुनी फाइल संचात असू शकते.

पुन्हा असं होऊ नये यासाठी दोन उपाय एकत्र करा. पहिला: संच अनमाउंट असताना, फोल्डर रिकामा असल्याची खात्री करून

सुडो सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/डिझाइन

ही आज्ञा द्या. त्यानंतर माउंट नसताना त्या फोल्डरमध्ये कुणालाच, रूटलाही, काही लिहिता येत नाही. मास्तरांना लगेच एरर येते आणि ते लगेच फोन करतात, तेच आपल्याला हवं असतं. माउंट झाल्यावर वरच्या फाइल सिस्टिमला याचा काही त्रास होत नाही. दुसरा: सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एसएमबीडी देऊन युनिट विभागात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर हा पर्याय, मधल्या रेघा न घालता, /एसआरव्ही/डिझाइन या मार्गासह लिहा. मग संच माउंट नसेल तर सांबा सुरूच होत नाही.

एफएसटॅब बदलल्यावर सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड, मग सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय. ओळीत काही चुकलं असेल तर ते रीबूटच्या आधीच सांगतं.

वारंवार लाईट जात असेल तर

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, यूपीएसच्या बॅटऱ्या त्या उन्हाळ्यात लवकर उतरतात, आणि सर्व्हर मागाच्या शेडजवळ ठेवला असेल तर सुताचा भुरा पंख्यात बसतो. सर्व्हर भिंतीआड, शेडपासून लांब ठेवा. यावर कुठल्याही आज्ञेचा इलाज नाही.

अचानक बंद पडल्यावर संच रीसिंक करतो, म्हणजे दोन्ही डिस्क पुन्हा जुळवतो, आणि मोठ्या डिस्कवर त्यात कित्येक तास जातात. त्यासाठी राइट-इंटेंट बिटमॅप हवा. मग कुठल्या भागात लिहिणं चालू होतं तेवढंच तपासलं जातं. एमडीस्टॅटमध्ये संचाखाली बिटमॅप ही ओळ नसेल तर:

सुडो एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी०

ही सेटिंग सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरच बसते. तिला कॉन्फिग फाइल लागत नाही आणि ती रीबूटनं जात नाही.

एसएमएआरटीसीटीएल या डिस्क तपासण्याच्या आज्ञेनं डिस्कला दिलेली एससीटीईआरसीची मर्यादा मात्र याच्या उलट. खराब सेक्टर वाचताना डिस्कनं ७ सेकंदांत हार मानावी, म्हणून ७०,७० (सेकंदाच्या दहाव्या भागांत) असं मूल्य देतात, नाहीतर कर्नलची ३० सेकंदांची मुदत संपून अख्खी डिस्कच संचाबाहेर फेकली जाऊ शकते. बऱ्याच डिस्क हे मूल्य वीज गेली की विसरतात. ते बूटच्या वेळी दर वेळी द्यावं लागतं, यूडेव्हच्या (डिव्हाइस ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमातून किंवा छोट्या सिस्टिमडी सर्व्हिसमधून. साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये ही सोयच नसू शकते. तेव्हा कर्नलची मुदत वाढवून १८० सेकंद करतात, आणि तीही रीबूटला जाते.

एकच डिस्क दिसत असेल, किंवा संच इनॲक्टिव्ह असेल

इथं घाई करू नका. आधी दोन्ही डिस्कवरचा सुपरब्लॉक वाचा:

सुडो एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीसी१

दोन आकडे बघायचे: अपडेट टाइम आणि इव्हेंट्स. दोन्ही डिस्कवर इव्हेंट्स सारखे असतील, तर एक डिस्क फक्त उशिरा जागी झाली होती. संच थांबवा आणि परत जोडा:

सुडो एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७
सुडो एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन --नो-डिग्रेडेड

शेवटच्या पर्यायामुळे सगळ्या डिस्क मिळाल्या नाहीत तर संच सुरू होत नाही. दर वेळी तीच डिस्क उशिरा येत असेल, तर साटाची आणि पॉवरची वायर बदलून बघा. भुऱ्यानं आणि उष्णतेनं कनेक्टर ढिले होतात.

इव्हेंट्स वेगळे असतील तर मोठा आकडा असलेली डिस्क ताजी. दुसरी किती दिवस मागे आहे ते अपडेट टाइमवरून कळतं. ताज्या डिस्कवर संच चालू करा, आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि मगच मागे पडलेली डिस्क परत घाला:

सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --री-ॲड /डेव्ह/एसडीसी१

बिटमॅप असेल तर फक्त फरक भरला जातो. री-ॲड नाकारलं गेलं तर --ॲड द्यावं लागतं, आणि तेव्हा ती डिस्क सुरुवातीपासून पूर्ण लिहिली जाते. त्यामुळे कुठली ताजी आणि कुठली जुनी, हे कागदावर डिस्कच्या सिरियल नंबरसकट लिहून ठेवल्याशिवाय ही आज्ञा देऊ नका. एकदा एका डिस्कवर आणि नंतर दुसऱ्याच डिस्कवर एकेकटा संच चालला असेल, तर दोन्हींवर वेगवेगळं काम असतं. तेव्हा जोडण्याच्या भानगडीत न पडता दोन्हींमधला डेटा, एकावेळी एकच डिस्क लावून, वेगवेगळा उतरवून घ्या.

डिस्क गळाल्याचं कळायला दोन-तीन महिने लागतात, कारण रेड १ एका डिस्कवरही मुकाट्यानं चालतं आणि ऑफिसात कुणाला फरक जाणवत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये मेलॲड्र ही ओळ असते आणि डेबियनवर तिथं नुसतं रूट लिहिलेलं असतं. ती मेल त्याच मशीनच्या आत पडून राहते. तिथं रोज उघडला जाणारा पत्ता लिहा, मशीनवरून बाहेर मेल जाईल अशी सोय करा, आणि ही आज्ञा द्या:

सुडो एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट

प्रत्येक संचासाठी एक टेस्ट मेल यायला हवी. ती आली नाही तर स्पॅमचा फोल्डर बघा, तिथंही नसेल तर मेल पाठवणारं सॉफ्टवेअरच बसवलेलं नाही. मेल आली की कारखाना बंद असतानाचा दिवस धरा, मशीन नीट शटडाउन करा, पूर्ण बंद होऊ द्या, चालू करा, आणि एमडीस्टॅट, फाइंडएमएनटी /एसआरव्ही/डिझाइन आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर, या क्रमानं तिन्ही तपासा.